ब्लश, डोळ्यांचा बेस आणि फाउंडेशन पारखून घेताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नसराई तोंडावर आली की सांगली, मिरज आणि तासगाव-पलूसच्या बाजूने ठरावीक प्रश्न पुन्हा पुन्हा येऊ लागतात. त्यांतले बरेचसे खरेदी झाल्यानंतरचे असतात. वस्तू महाग होती, दुकानात छान दिसली, घरी मात्र चेहऱ्यावर बसली नाही, अशी एकंदर तक्रार असते. म्हणून अमुक कंपनीचेच घ्यावे असे येथे फारसे सांगितलेले नाही. दोन वस्तू स्वतःच्या चेहऱ्यावर कशा ताडून पाहाव्यात, हे मात्र सविस्तर सांगितले आहे.

दुकानात हातावर लावून पाहिलेला ब्लश घरी गालावर वेगळा का दिसतो?

याची तीन कारणे आहेत आणि बहुतेक वेळा ती तिन्ही एकदम लागू पडतात. पहिले म्हणजे हाताच्या पाठीची त्वचा आणि गालाची त्वचा यांचा रंग क्वचितच एक असतो. आपल्याकडे स्कूटरवरून उन्हात फिरणाऱ्या बायकांचे हात चेहऱ्यापेक्षा एक-दोन छटा गडद असतात, कारण चेहऱ्याला स्कार्फ असतो आणि हातमोजे घालायचा कंटाळा केला जातो. दुसरे म्हणजे दुकानात आपण ब्लश बोटाने दाबून घेतो. बोटाच्या दाबाने आणि त्यावरच्या तेलाने रंगाचा जाड थर उचलला जातो, तर घरी ब्रशवर त्याचा जेमतेम काही अंश येतो. बोटाने भडक दिसणारा ब्लश ब्रशने अगदी फिकट लागू शकतो.

तिसरे कारण उजेडाचे. मारुती रोडवरच्या किंवा मिरजेच्या लक्ष्मी मार्केटमधल्या बहुतेक दुकानांत पांढऱ्या एलईडी ट्यूबांचा लख्ख प्रकाश असतो. दोन रंग एका प्रकाशात तंतोतंत सारखे दिसतात आणि दुसऱ्या प्रकाशात वेगळे पडतात, हा रंगशास्त्रातला जुना अनुभव आहे. साडीला मॅचिंग ब्लाऊजपीस घेताना आपण कापड उचलून दुकानाच्या पायरीवर येतो ते याचसाठी. ब्लश घेताना मात्र ती पायरी आपण विसरतो. "ताई, हा कलर सध्या खूप चालतोय" हे दुकानदाराचे वाक्य खरेही असेल, पण तो कोणाच्या गालावर चालतोय हे त्यातून कळत नाही.

मग घरी तुलना नेमकी कशी करावी?

एका वेळी एकच गोष्ट बदलावी. हा नियम पाळला तर बाकीचे तपशील थोडे इकडेतिकडे झाले तरी चालतात, आणि हा मोडला तर कितीही काळजी घेतली तरी निष्कर्ष काही निघत नाही. दोन ब्लश ताडून पाहायचे असतील, तर त्यांच्याखालचे मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, फाउंडेशन आणि पावडर दोन्ही गालांवर एकच असली पाहिजे. एका गालाला नवा ब्लश नव्या फाउंडेशनवर आणि दुसऱ्याला जुना ब्लश जुन्या फाउंडेशनवर लावला, आणि संध्याकाळी एक गाल चिकट झाला, तर दोष कोणाचा हे कोणीच सांगू शकणार नाही.

एका गालावर एक आणि दुसऱ्यावर दुसरा, ही अर्ध्या चेहऱ्याची पद्धत सर्वांत सोपी आणि सर्वांत विश्वासार्ह आहे. मात्र दोन्ही गाल सारखे नसतात, हे ध्यानात ठेवावे. ज्या कुशीवर आपण झोपतो त्या बाजूच्या त्वचेवर वळ राहतात. ज्या कानाला फोन लावतो त्या गालावरचा मेकअप फोनच्या काचेला लागून निघून जातो. उजव्या हाताने काम करणाऱ्या बहुतेकींचा ब्रश एका गालावर सफाईने फिरतो आणि दुसऱ्यावर थोडा अडखळतो. म्हणून दुसऱ्या दिवशी बाजूंची अदलाबदल करून तीच चाचणी पुन्हा करावी. अदलाबदल केल्यावरही तोच ब्लश जास्त टिकला, तर तो ब्लशचा गुण आहे असे समजायला हरकत नाही.

पाहायचे कधी, हेही ठरवून घ्यावे. लावल्याबरोबर एकदा, अर्ध्या तासाने एकदा, दुपारच्या जेवणानंतर एकदा आणि संध्याकाळी तोंड धुण्याआधी एकदा पाहावे. खिडकीजवळ, पण थेट ऊन चेहऱ्यावर येणार नाही अशा जागी उभे राहावे. फोटो काढायचा असेल तर फोनमधला ब्युटी मोड आधी बंद करावा आणि हनुवटीखाली एक कोरा पांढरा कागद धरावा. फोनचा कॅमेरा प्रत्येक फोटोत रंग आपल्या मनाने थोडा पिवळा किंवा थोडा निळा करत असतो, आणि कागद फोटोत असला की ही लबाडी लगेच उघडी पडते.

एक ब्लश पुसून त्याच जागी लगेच दुसरा लावून पाहणे मात्र कटाक्षाने टाळावे. चोळून पुसल्याने गाल आपसूक लाल होतो, आणि मग दुसऱ्या ब्लशला जो रंग आला असे वाटते त्यातला बराचसा कापसाच्या बोळ्याचा असतो.

पावडर, क्रीम आणि लिक्विड यांपैकी आपल्या हवेला कोणता ब्लश चांगला?

सांगलीत एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या आसपास रेंगाळतो आणि पावसाळ्यात हवा दमट राहते. या दोन्ही ऋतूंत एकच ब्लश सारखाच वागेल अशी अपेक्षा ठेवू नये.

पावडर ब्लशमध्ये टाल्क किंवा अभ्रक असते, रंगासाठी लोहाचे ऑक्साइड आणि लाल रंगद्रव्ये असतात, आणि ते एकत्र धरून ठेवण्यासाठी स्टिअरेट किंवा थोडे सिलिकॉन घातलेले असते. कोरडी भुकटी थोडे तेल शोषून घेते, म्हणून तेलकट त्वचेवर ती पहिले काही तास नेटकी राहते. पण घामाचा थेंब कानशिलावरून ओघळला की तो मधोमध रेघ पाडतो आणि ती रेघ नंतर मिटवता येत नाही. क्रीम ब्लश मेण आणि तेलांवर बांधलेला असतो. तो त्वचेत मिसळल्यासारखा दिसतो, कोरड्या त्वचेवर हिवाळ्यात त्याला तोड नाही, पण मे महिन्याच्या दुपारी तो हलतो. लिक्विड ब्लशमध्ये दोन अगदी वेगळ्या जाती आहेत : पाण्यासारखा पातळ टिंट, जो त्वचेला डाग देतो आणि पटकन वाळतो, आणि दाट, रंगाने भरलेला लिक्विड, ज्याचा एक ठिपका दोन्ही गालांना पुरतो. रेअर ब्युटीचा सॉफ्ट पिंच हा या दुसऱ्या जातीतला सर्वांत चर्चेतला नमुना आहे. अशा ब्लशची तुलना करताना ठिपका थेट गालावर न ठेवता हाताच्या पाठीवर घ्यावा आणि तेथून ब्रशने उचलावा. असे केले नाही, तर ब्लशची परीक्षा बाजूला राहून आपल्या हाताच्या अंदाजाचीच परीक्षा होते.

माझे मत विचारले तर दिवसभराच्या कार्यासाठी खाली क्रीमचा किंवा टिंटचा पातळ थर आणि त्यावर त्याच रंगाच्या पावडर ब्लशचा हलका हात, ही जोडी आपल्या हवेत सर्वांत जास्त टिकते. क्रम मात्र उलटा होऊ देऊ नये. पावडरवर क्रीम लावले की खालची पावडर गोळा होते आणि गालावर चट्टे दिसतात.

गव्हाळ किंवा सावळ्या रंगावर काही ब्लश पांढरट, राखेसारखे का दिसतात?

फिकट गुलाबी, बेबी पिंक किंवा दुधाळ पीच अशा छटा तयार करण्यासाठी लाल रंगद्रव्यात टायटॅनियम डायऑक्साइड हा पांढरा रंग मिसळलेला असतो. गोऱ्या त्वचेवर तो लपतो; गडद त्वचेवर तोच वर येऊन दिसतो आणि गालावर खडूची भुकटी उडाल्याचा भास होतो. लोक म्हणतात "मला ब्लश शोभतच नाही". बहुतेक वेळा शोभत नसते ती एवढी एक छटा. विटेचा लाल, जांभळाकडे झुकणारा बेरी, गडद कोरल, भगव्याकडे जाणारा नारिंगी हे रंग डबीत पाहिल्यावर छातीत धस्स होते, पण सावळ्या गालावर हलक्या हाताने लावल्यावर तेच सर्वांत नैसर्गिक दिसतात. घटकांच्या यादीत सीआय ७७८९१ हा क्रमांक दिसला तर तो टायटॅनियम डायऑक्साइड आहे. तो असणे वाईट नाही, जवळजवळ सगळ्यांत थोडाफार असतोच. यादीच्या अगदी वरच्या भागात असेल आणि तुमचा रंग गडद असेल, तर तो ब्लश टेस्टर (दुकानातली नमुन्याची डबी) लावून पाहिल्याशिवाय घेऊ नये.

मनगटावरच्या शिरा निळ्या की हिरव्या हे पाहून अंडरटोन (त्वचेच्या रंगातली पिवळसर किंवा गुलाबीसर झाक) ठरवण्याची युक्ती सगळीकडे सांगितली जाते. गव्हाळ त्वचेवर तिचा फारसा भरवसा धरता येत नाही, कारण बहुतेकींना दोन्ही रंगांच्या शिरा दिसतात.

डोळ्यांचा बेस (आयशॅडोखाली पापणीवर लावायचा थर) खरोखर लागतो का? कन्सीलरने (डाग झाकणाऱ्या क्रीमने) काम भागत नाही का?

पापणीची त्वचा शरीरातली सर्वांत पातळ त्वचा आहे, ती तेल सोडते, आणि आपण दर मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापणी मिटतो. तेल आणि ही सततची हालचाल मिळून आयशॅडो पापणीच्या घडीत सरकवतात, आणि तेथे रंगाची एक रेघ तयार होते. यालाच पार्लरमध्ये क्रीज पडणे म्हणतात. बेसचे काम दोन प्रकारचे असते : तेल अडवणे आणि रंगाला पकड देणे.

साधे कन्सीलर दुसरे काम करते, पहिले नाही. ते स्वतःच तेल आणि मेणाने बनलेले असते, त्यामुळे कोरड्या पापण्यांवर चालून जाते आणि तेलकट पापण्यांवर घडी उलट लवकर पाडते. खास बेसमध्ये सिलिकॉन आणि लवकर उडून जाणारे द्रव असतात; ते उडाले की पापणीवर एक पातळ, लवचीक थर उरतो. अर्बन डिकेचा प्रायमर पोशन या प्रकारचा आहे. मॅकचे पेंट पॉट हे रंगीत क्रीम बेस आहेत. त्यातला पेंटर्ली किंचित गुलाबीकडे आणि सॉफ्ट ओकर पिवळसर बाजूला जातो, आणि पापणीवरचा काळपटपणा झाकण्यासाठी आपल्याकडे पिवळसर छटेचा उपयोग बहुधा जास्त होतो.

ज्यांची पापणी कोरडी आहे आणि ज्या रोज फक्त काजळ लावतात, त्यांनी बेसवर पैसे घालवू नयेत. हे सांगितल्याने विक्रेते नाराज होतात, पण ते खरे आहे.

दोन बेसची तुलना करताना काय पाहावे?

एका पापणीवर एक, दुसरीवर दुसरा बेस लावावा आणि दोन्हींवर तोच मॅट तपकिरी आयशॅडो लावावा. तुलनेसाठी चमकी असलेला रंग घेऊ नये, कारण चमक घडी लपवते. मॅट तपकिरी काहीच लपवत नाही.

बेसचे प्रमाण भाताच्या अर्ध्या शितापेक्षा जास्त नको. बेस वाईट असल्याच्या अर्ध्याअधिक तक्रारी प्रत्यक्षात जाड थराच्या असतात. जाड थर पूर्ण वाळत नाही आणि स्वतःच घडीत गोळा होतो. बोटाने थोपटून पसरवावा, डोळा अर्धवट मिटून मिनिटभर थांबावे आणि मगच आयशॅडो घ्यावा. त्यानंतर आरशात फक्त समोर पाहून निर्णय करू नये. हनुवटी वर करून, डोळे खाली झुकवून, पापणी पूर्ण ताणली जाईल असे पाहावे. घडीतली पहिली बारीक रेघ नेहमी तेथेच सापडते, आणि समोरून पाहणाऱ्याला ती आणखी दोन तासांनी दिसते. ज्या बेसवर ही रेघ उशिरा येते तो चांगला. रंग किती गडद दिसतो, हा निकष दुसरा. काही बेस इतके चिकट असतात की रंग पहिल्या स्पर्शाला जेथे पडला तेथेच बसतो आणि पुसट करता येत नाही. नवशिक्या हाताला असा बेस त्रासदायक ठरतो, मग तो कितीही टिकाऊ असो.

पांढरा बेस घ्यावा की त्वचेच्या रंगाचा?

निळा, पोपटी, राणी असे रंग पैठणीच्या काठाशी जुळवायचे असतील तर पांढऱ्या बेसवर ते डबीत दिसतात तसे उठून येतात. निक्सची मिल्क नावाची जाड पेन्सिल अनेकजणी याचसाठी वापरतात. तपकिरी आणि सोनेरी रंगांसाठी त्वचेच्या रंगाचा बेस बरा. पांढऱ्यावर तपकिरी करडा दिसू लागतो.

फाउंडेशन लावल्यावर जुळते आणि तासाभराने काळपट पडते. असे का?

बाटलीतून बाहेर आल्यावर त्यातले उडून जाणारे द्रव निघून जातात आणि उरलेली रंगद्रव्ये आपल्या त्वचेच्या तेलात भिजतात. कोरड्या मातीवर पाणी शिंपडले की ती गडद दिसते, तसाच हा प्रकार आहे. म्हणून फाउंडेशनची शेड लावल्याबरोबर ठरवू नये. जबड्याच्या हाडावरून मानेकडे जाणाऱ्या तीन उभ्या पट्ट्या शेजारी-शेजारी ओढाव्यात, दुकानातून बाहेर पडावे, निदान अर्धा तास इतर कामे करावीत आणि मग उजेडात पाहावे. जी पट्टी शोधावी लागते ती आपली शेड.

आपल्याकडे अनेकींचे कपाळ आणि तोंडाभोवतीचा भाग गालांपेक्षा गडद असतो, आणि मान आणखी वेगळी. अशा वेळी गालाच्या सर्वांत उजळ जागेशी जुळवलेले फाउंडेशन फोटोत मुखवट्यासारखे दिसते. मानेशी जुळवावे, आणि कपाळाच्या कडेला व तोंडाभोवती हवे तर किंचित गडद शेड घ्यावी.

फाउंडेशनचे बारीक गोळे सुटत असतील तर बहुधा दोष त्याचा नसतो. सनस्क्रीन वाळण्याआधीच त्यावर थर चढवला, किंवा पाण्यावर आधारित जेलवर सिलिकॉनचे प्रायमर (फाउंडेशनखाली लावायचे क्रीम) चोळले, की असे होते. दहा मिनिटे थांबून थोपटून लावून पाहावे. त्यानंतरही गोळे आले तर त्या दोन वस्तूंचे आपसांत जमत नाही असे समजावे.

हळदीच्या दुसऱ्या दिवशी ट्रायलला ठरवलेली शेड जुळत नाही. काय करावे?

हा प्रश्न सांगलीइतका दुसरीकडे विचारला जात नसावा. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि येथे नवरीला लागणारी हळदही बहुतेक घरांत अस्सल, गडद रंगाची असते. ट्रायल आठवडाभर आधी झालेली असते, तेव्हाचा चेहरा हळद न लागलेला. लग्नाच्या सकाळी गाल, कान, मान आणि केसांच्या कडेला पिवळी झाक उरलेली असते. त्यावर ठरवलेले फाउंडेशन गुलाबीसर दिसते, आणि गुलाबी ब्लश नारिंगीकडे झुकतो.

हळदीतला पिवळा रंग, म्हणजे कर्क्युमिन, पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून साबणाने पुन्हा पुन्हा घासण्याचा उपयोग होत नाही. हळदीचा डाग पडलेल्या कपड्याला साबण लावला की डाग लाल होतो, हे प्रत्येक घरात माहीत आहे. क्षाराने हळद लाल होते याच गुणावर पूर्वी हळदीपासून कुंकू करत. चेहरा घासून मात्र फक्त त्वचा सोलवटते. त्याऐवजी हळद धुतल्यावर खोबरेल तेल किंवा क्लिन्झिंग बाम हलक्या हाताने चोळून मऊ कापडाने पुसावा आणि मग साध्या फेसवॉशने धुवावे. जमत असेल तर हळदीच्या आधी चेहऱ्याला आणि केसांच्या कडेला तेलाचा किंवा व्हॅसलिनचा पातळ हात फिरवून ठेवावा, म्हणजे रंग आत मुरत नाही.

एवढे करूनही झाक राहतेच. त्यामुळे ट्रायलच्या वेळीच दोन शेड ठरवाव्यात, एक नेहमीची आणि एक त्याच उजळपणाची पण पिवळसर छटेची, आणि लग्नाच्या सकाळी मानेवर पट्टी ओढून त्यांतली निवडावी.

मुंडावळ्या, नथ आणि होमाचा धूर यांतून मेकअप कसा टिकवावा?

दुसरीकडे तयार होणाऱ्या ब्रायडल मेकअपच्या व्हिडिओंत हे अडथळे नसतात, म्हणून त्यांचे टिकाऊपणाचे दावे आपल्या लग्नांना जसेच्या तसे लागू होत नाहीत. मुंडावळ्यांच्या लडी कानशिलावर आणि गालाच्या वरच्या भागावर सतत घासत असतात, आणि हल्ली ब्लश नेमका तेथेच, गालफडाच्या वर, ओढून लावायची पद्धत आहे. मुंडावळ्या सुटेपर्यंत तेथला रंग निघून गेलेला असतो आणि मोत्यांना गुलाबी कड आलेली असते. अशा वेळी ब्लश किंचित पुढे आणि खाली घ्यावा आणि कानशिलावर फक्त टिंट ठेवावा. नथीचा आकडा टेकतो त्या जागी फाउंडेशनचा थर अगदी पातळ हवा, नाही तर तेथे सर्वांत आधी तडा जातो. टिकली चिकटवायची जागा तर कोरडीच सोडलेली बरी.

होमाच्या धुराने डोळ्यांतून पाणी येणारच. तुलना करताना त्यासाठी एक साधी चाचणी आहे : बेस आणि आयशॅडो लावून कांदा चिरायला बसावे. डोळ्यांतून पाणी आल्यावर कोणती पापणी स्वच्छ राहिली, ते कागदावरच्या कोणत्याही दाव्यापेक्षा जास्त खरे असते. पाणी टिपताना रुमाल ओढू नये, टेकवून उचलावा.

फ्लॅशच्या फोटोत चेहरा पांढरा का येतो? आणि पार्लरमध्ये नेहमी जास्तच का लावतात?

बारीक सिलिका असलेली पांढरी सेटिंग पावडर आणि टायटॅनियम डायऑक्साइड किंवा झिंक ऑक्साइड असलेली फाउंडेशन-सनस्क्रीन फ्लॅशचा प्रकाश परत फेकतात. डोळ्यांना ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसते. म्हणून खोलीतले दिवे मालवून फोनच्या फ्लॅशने एक फोटो काढल्याशिवाय लग्नासाठीची कोणतीही पावडर पक्की करू नये.

जास्त लावण्याबद्दल बोलायचे तर सांगली ही नाट्यपंढरी. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली येथे 'सीता स्वयंवर' सादर केले आणि बालगंधर्वांचे नागठाणेही याच जिल्ह्यातले, त्यामुळे रंगभूषेचे कौतुक आपल्याकडे जुने आहे. पण रंगभूषा शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकासाठी असते, आणि लग्नात मावशी वीतभर अंतरावरून चेहरा न्याहाळते. कमी लावा, असे आधीच आणि स्पष्ट सांगावे. सांगितले नाही, तर ब्युटिशियन व्हिडिओवाल्याच्या दिव्यांचा विचार करून लावते, आणि तिच्या बाजूने ते बरोबरच असते.

फाउंडेशनमध्ये एसपीएफ असेल तर वेगळे सनस्क्रीन लागेल का?

लागेल. एसपीएफचा, म्हणजे उन्हापासूनच्या संरक्षणाचा, आकडा दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम एवढ्या जाड थरावर मोजलेला असतो. तेवढे फाउंडेशन कोणीही लावत नाही.

लिपस्टिक गालाला आणि ब्लश पापणीला लावला तर चालते का?

लिपस्टिक गालाला चालते, फक्त ओठांवरून फिरवलेली कांडी थेट गालावर टेकवू नये. मुरुम येण्याची प्रवृत्ती असेल तर रोजची सवयही करू नये. गडद लिपस्टिकचा ठिपका बोटावर घेऊन थोपटला तर बऱ्यापैकी क्रीम ब्लश मिळतो, आणि नवा रंग आपल्याला शोभेल का हे अजमावण्याचा यापेक्षा स्वस्त मार्ग नाही.

उलट दिशेने जाताना जरा सावध राहावे. गुलाबी आणि लाल ब्लशमध्ये वापरली जाणारी काही कृत्रिम रंगद्रव्ये, उदाहरणार्थ रेड ७ आणि रेड २७, अमेरिकेच्या नियमांनुसार डोळ्यांच्या परिसरासाठी मंजूर नाहीत. ती पापणीवर डाग सोडतात आणि काहींना खाज आणतात. डबीवर डोळ्यांसाठी वापरू नये असे लिहिले असेल तर ते मानावे. हस्तकलेच्या दुकानातली चमकी डोळ्यांना लावण्याचा तर प्रश्नच नाही.

"फर्स्ट कॉपी" घ्यावी का? अस्सल वस्तू कशी ओळखावी?

फर्स्ट कॉपी म्हणजे नामांकित वस्तूची नक्कल. ती घेऊ नये, आणि डोळ्यांसाठी तर मुळीच नाही. भारतात सौंदर्यप्रसाधनांना १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम लागू आहेत. वेष्टनावर उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, वापराची मुदत आणि घटकांची यादी असली पाहिजे. परदेशी वस्तूवर आयातीचा नोंदणी क्रमांकही हवा. रंगद्रव्यांत शिसे किती असावे यालाही मर्यादा आहे, आणि नकली वस्तू बनवणारा ती पाळेल असे मानण्याचे कारण नाही. पाव किमतीत मिळणाऱ्या पॅलेटवर बॅच क्रमांकच नसेल, तर पुढचे काही तपासायची गरज उरत नाही. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते.

शाकाहाराबद्दलही पुष्कळ विचारणा होते. कार्माइन, म्हणजेच सीआय ७५४७०, हा सुंदर लाल रंग कोचिनिअल नावाच्या किड्यांपासून काढतात आणि तो अनेक ब्लशमध्ये असतो. कित्येक वेष्टनांवर हिरवा किंवा तपकिरी ठिपका छापलेला असतो. तो नसेल तर घटकांच्या यादीत हा क्रमांक शोधावा.

टेस्टर वापरणे सुरक्षित आहे का?

पावडरचा वरचा थर टिश्यूने पुसून हातावर किंवा जबड्यावर लावायला हरकत नाही. उघड्या डबीतले क्रीम एकदाच वापरायच्या काडीने घ्यावे. डोळ्यांचे आणि ओठांचे टेस्टर चेहऱ्याला लावूच नयेत. आपल्या आधी ते कोणाच्या डोळ्याला लागले होते हे काउंटरवरच्या मुलीलाही ठाऊक नसते. त्वचा नाजूक असेल तर घरी आणल्यावर कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडे लावून दोन दिवस वाट पाहावी. खाज, पुरळ किंवा सूज आली तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना ती डबी बरोबर न्यावी, कारण डॉक्टरांना त्यावरची यादी हवी असते.

स्वस्त आणि महाग यांची तुलना किमतीवरून कशी करावी?

डबीच्या किमतीला आतल्या ग्रॅमने भागावे. ६०० रुपयांचा ५ ग्रॅमचा ब्लश ग्रॅमला १२० रुपयांना पडतो आणि ४५० रुपयांचा ३ ग्रॅमचा १५० रुपयांना. म्हणजे स्वस्त वाटलेला महाग निघाला. पण पावडर ब्लशची डबी रोज वापरूनही सहसा संपत नाही, हेही विसरू नये. मॅट पावडर ब्लशच्या बाबतीत मध्यम किमतीच्या देशी वस्तू आता इतक्या चांगल्या आहेत की जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही, असे माझे मत आहे. पैसे घालायचेच तर फाउंडेशनवर घालावेत, कारण तेथे शेडची संख्या आणि टिकाऊपणा यांतला फरक चेहऱ्यावर दिसतो. परदेशी फाउंडेशन नुसत्या शेडच्या नावावरून ऑनलाइन मागवण्यापेक्षा पुण्याला जाणे होईल तेव्हा काउंटरवर पट्ट्या ओढून यावे आणि मागवायचे ते नंतर मागवावे.

उघडलेली वस्तू किती दिवस चालते?

वेष्टनावर झाकण उघडलेल्या बरणीचे छोटे चित्र असते आणि त्यात ६एम, १२एम किंवा २४एम असे लिहिलेले असते. ते उघडल्यापासूनचे महिने होत. झाकणाच्या आतल्या बाजूला उघडल्याची तारीख लिहून ठेवावी. पावडर सर्वांत जास्त टिकते, क्रीम आणि लिक्विड कमी. क्रीमला खवट वास आला, फाउंडेशनमध्ये तेल वेगळे होऊन हलवल्यावरही मिसळेना, किंवा बेस घट्ट होऊन ओढल्यासारखा लागू लागला, की मुदत शिल्लक असली तरी ते टाकून द्यावे. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत किंवा पत्र्याच्या खोलीत ठेवलेले क्रीम ब्लश वितळून पुन्हा घट्ट होतात आणि त्यांवर दाणे येतात. फ्रिजची गरज नाही, घरातले थंड कपाट पुरते.

पावडर ब्लशच्या वर चकचकीत कडक पापुद्रा आला असेल तर तो मात्र खराब झालेला नसतो. ब्रशवरचे तेल वर साचलेले असते. चिकटपट्टीचा तुकडा हलकेच दाबून उचलला की पापुद्रा निघून येतो आणि खाली ब्लश पहिल्यासारखा मिळतो. त्याच दिवशी ब्रशही धुवावा.